साक्षीदार शिपाई आणि लुटीतला वाटा

आपल्या बैठकीत एक वाक्य हटकून येतं. ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं. हे वाक्य मी किती ठिकाणी बोललोय त्याचा हिशेब नाही, आणि दर वेळी टाळी मिळालीय. प्रस्थापितांच्या साहित्यावर फेकायला आपल्या हातात आलेला हा पहिला धोंडा. माडीवर बसून झोपडपट्टीची कथा लिहिणाऱ्याला आपण विचारलं, बाबा रे, तू कधी तिथं होतास का? प्रश्न रास्त होता. आजही रास्त आहे.

पण फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. रातपाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश शिपायानं म्हातारपणी लिहिलेलं. त्याचंही म्हणणं हेच, की मी तिथं होतो, मी जखमा खाल्ल्या, म्हणून मी लिहिणार. जो तिथं नव्हता त्यानं गप्प बसावं. पहिली शंभर पानं वाचताना वाटलं, हा तर आपलाच माणूस. पुढं वाचत गेलो आणि टाळीचं ते वाक्य माझ्याच घशात अडकलं. अजून सुटलेलं नाही. म्हणून हा लेख.

शिपायाचं नाव बर्नाल दिआझ देल कास्तियो. पुस्तकाचं नाव 'नव्या स्पेनच्या विजयाचा खरा इतिहास'. नवा स्पेन म्हणजे आजचा मेक्सिको. मला मिळालं ते जे. एम. कोहेन यांचं १९६३ सालचं पेंग्विनचं भाषांतर. ते अर्धंच आहे, राजधानी पडली की थांबतं. पुढचं हवं म्हणून ए. पी. मॉड्स्ले यांचं पाच खंडांतलं जुनं भाषांतर एका दोस्ताकडनं मिळवलं. मूळ स्पॅनिश मला येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पगार नाही, वाटा आहे

बर्नाल १४९५ च्या आसपास स्पेनमधल्या मेदिना देल कांपो या बाजारपेठेच्या गावात जन्मला. बाप गावच्या नगरसभेत सभासद होता. म्हणजे घर उपाशी नव्हतं, पण श्रीमंतही नव्हतं. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोचला होता आणि समुद्रापल्याड सोनं आहे ही आवई गावोगाव पसरली होती. १५१४ साली हा पोरगा पेद्रारियास दाविला या सुभेदाराच्या ताफ्याबरोबर पनामाच्या किनाऱ्यावर गेला. तिथं रोगराईनं माणसं पटापट मेली. हाताला काम नाही, मिळकत नाही. मग क्युबाला गेला. तिथला सुभेदार दिएगो व्हेलास्केस म्हणाला, इंडियन रिकामे झाले की तुला देतो.

इथं जरा थांबा. नोकरीची जागा रिकामी व्हावी, तशी ही माणसं रिकामी होणार. स्पेनच्या राजानं एक पद्धत घातली होती, तिचं नाव एन्कोमिएन्दा. एखादं गाव एखाद्या स्पॅनिश माणसाच्या नावावर लावून द्यायचं. गावातल्यांनी त्याला कर द्यायचा, त्याच्यासाठी राबायचं. बदल्यात यानं त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर वेठबिगारी, आणि वर पुण्याचा शिक्का. बर्नाल तीन वर्षं असल्या गावाची वाट बघत बसला. मिळालं नाही. तेव्हा १५१७ साली तो एकशेदहा शिपायांच्या टोळीत शिरला आणि युकातानच्या किनाऱ्यावर उतरला. चांपोतोन गावच्या लोकांनी या टोळीला असं झोडपलं, की पन्नासच्या वर तिथंच मेले. बर्नालला तीन बाण लागले. पुढल्या वर्षी दुसऱ्या मोहिमेत आपण होतो असं तो सांगतो. १५१९ साली तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा सरदार होता एर्नान कोर्तेस. पाचशेच्या वर शिपाई, अकरा गलबतं, सोळा घोडी. या घोड्यांचे रंग आणि खोडी बर्नालनं म्हातारपणी एक एक करून लिहून ठेवल्यात.

या शिपायांना पगार नव्हता. ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय हे पुस्तक कळत नाही. आपल्याकडं शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन चाकरीला यायचा, पेंढारी बिनपगारी लुटीवर जगायचा. या टोळीत दोन्ही तऱ्हा एकत्र होत्या. हत्यार स्वतःचं, तेही सावकाराकडनं उधारीवर घेतलेलं. मिळकत म्हणजे लुटीत वाटा. लुटीतला पाचवा हिस्सा राजाचा. उरलेल्यातनं परत पाचवा कोर्तेसचा. मग गलबतांचा खर्च, कप्तान, घोडेवाले. तळाला राहील ते पायदळाचं.

८ नोव्हेंबर १५१९ ला ही फौज तेनोच्तित्लान शहरात शिरली. तळ्याच्या मधोमध वसवलेलं शहर, पाण्यातनं बांधलेले रुंद रस्ते, पांढरे मनोरे, भला थोरला बाजार. आपल्याला तेव्हा शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्यांची आठवण झाली, असं बर्नाल सांगतो. मेशिकांचा राजा मोक्तेसुमा यानं त्यांना वाड्यात उतरवून घेतलं आणि त्यांनी त्यालाच कैद केलं. ३० जून १५२० च्या रात्री शहर उठलं. फौज पळाली. ज्यांनी अंगावर सोनं बांधलं होतं ते पाण्यात बुडाले. बर्नालनं फक्त चार हिरवे मणी घेतले होते. पुढं जखमांच्या औषधाला नि पोटाला तेच कामी आले. परत वेढा पडला. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. उपासमार, देवी आणि तलवार अशा तिन्हीं बाजूंनी माणसं मेली. आपण चाललो तर पाय प्रेतांवरच पडायचा, अशी गत होती असं तो लिहितो.

पांढरी भिंत

शहर पडल्यावर वाटपाचा दिवस आला. घोडेस्वाराला ऐंशी पेसो, पायदळाला साठ नाहीतर पन्नास. नुसत्या तलवारीची नाहीतर धनुष्याची उधारीच तेवढी होती. दोन वर्षं मरणाच्या दाढेत राहून कर्ज तसंच डोक्यावर. शिपायांचा संशय कोर्तेसवर होता, यानं सोनं दडवलं.

तेव्हा कोर्तेस कोयोआकान गावात मोठ्या वाड्यात राहत होता. वाड्याच्या भिंती नव्यानं चुन्यानं पांढऱ्या केलेल्या. रोज रात्री शिपाई कोळसा घेऊन यायचे आणि भिंतीवर लिहून जायचे. काही गद्य, काही चक्क कविता. आशय एकच: आम्ही मेक्सिको जिंकला नाही, आम्हालाच कोर्तेसनं जिंकलं, सरदाराचा वाटा घेतो आणि वर राजाचा हिस्साही खातो. कोर्तेसलाही कविता जमायची. तोही खाली उत्तर लिहायचा. शेवटी वैतागून त्यानं लिहिलं, की पांढऱ्या भिंतीचा कागद करतात ते मूर्ख. सकाळी त्याच्याखाली कुणीतरी जोडलं होतं, की शहाणेही करतात आणि सत्यही तिथंच लिहिलं जातं. मग मात्र कोर्तेसचं कवित्व आटलं आणि पुन्हा भिंतीवर लिहाल तर याद राखा, असा दम निघाला.

हे पान मी किती वेळा वाचलं. गिरणीच्या कंपाउंडच्या भिंतीवर आम्ही खडूनं लिहिलंय. सकाळच्या पाळीला पोचारा मारून ते पुसलेलं बघितलंय. मालकाचा आणि आमचा वाद कवितेत कधी झाला नाही, तेवढाच फरक. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक शिपायांना मी मनातनं सलाम ठोकला. आणि पुढच्या पानांनी मला परत जमिनीवर आणलं. ते थोड्या वेळानं सांगतो. आधी पुस्तकाचं मोठेपण सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

लिहिण्याचा हक्क

बर्नाल पुढं ग्वाटेमालात स्थायिक झाला. १५४४ साली तिथं लग्न केलं. शहराच्या नगरसभेवर बसला, गावं नावावर लागली. तरी आयुष्यभर हीच रड, की पराक्रमाच्या मानानं काहीच मिळालं नाही. कागद जमवून राजाकडं अर्ज करायचा. त्या अर्जांतूनच हे पुस्तक वाढलं.

लिहायचं चाललं असताना त्याच्या हातात फ्रान्सिस्को लोपेस दे गोमारा याचं पुस्तक पडलं. हे १५५२ साली छापलेलं. गोमारा विद्वान पाद्री, कोर्तेसच्या पदरचा. अमेरिकेत त्यानं कधी पाऊल ठेवलं नाही. भाषा देखणी, मांडणी घोटीव, आणि सगळं श्रेय कोर्तेसला. शिपाई म्हणजे नुसता आकडा. त्यातही आकडे चुकलेले. बर्नाल लिहितो, की ती गोड भाषा वाचून आधी त्यानं आपली पानं बाजूला ठेवली. आपल्या ओबडधोबड बोलीची लाज वाटली. मग त्यातला खोटेपणा दिसला आणि पुन्हा लेखणी उचलली. पुस्तकाच्या नावात 'खरा' हा शब्द आहे, तो गोमाराच्या थोबाडात मारलेला आहे.

दोस्तहो, या लाजेपाशी मला थांबावं वाटतं. पांढरपेशी भाषा वाचून आपली वही मिटवलेली नाही, असा आपल्यात कोण आहे?

लेखन झाल्यावर दोन पदवीधर पंडितांनी त्याची हस्तलिखित प्रत वाचायला नेली. त्यांचा अभिप्राय काय? भाषा साधी, जुन्या वळणाची, अलंकार नाहीत. आणि स्वतःबद्दल फार बोललास, स्वतःची साक्ष स्वतःच कशी देतोस? यावर बर्नालचं उत्तर सरळ आहे. तिथं जे होते त्यांनीच बोलायचं नाही, तर बोलणार कोण? आपल्या आत्मकथनांवर झालेली परीक्षणं आठवा. बोली कळत नाही, कलात्मकता नाही, 'मी' फार आहे. आक्षेप तेच, शतक बदललं.

आणि खरोखरच त्या साध्या भाषेत असं काही आहे, जे गोमाराच्या बापाला जमलं नसतं. वेढ्याच्या दिवसांत पकडलेल्या सोबत्यांना देवळाच्या उंच पायऱ्यांवर बळी देताना बर्नालनं लांबून पाहिलं. त्यानंतर लढाईला निघताना पोटात गोळा यायचा, लघवीला जावं लागायचं, असं तो लिहितो. शंभरावर लढाया खेळलेला गडी हे कागदावर मांडतो. मोहिमेनंतर कित्येक वर्षं त्याला बिछान्यावर झोप येत नाही. कपड्यानिशीच पडतो. रात्री उठून आभाळाकडं बघत हिंडतो. बखरीत असला शिपाई सापडत नाही.

शेवटाकडं एक लांबच लांब प्रकरण आहे. त्यात मेलेल्या सोबत्यांची यादी आहे. नाव, गाव, अंगलट, खोड, आणि कसा मेला. काहींचं नाव विसरलंय, तर नुसतं वर्णन देऊन ठेवलंय. सरदारांच्या पुतळ्याखाली ज्यांची नावं कधी आली नसती, ती त्यानं ऐंशीच्या घरात पोचलेल्या, डोळे-कान गेलेल्या म्हातारपणी आठवून लिहिली. साहित्यानं दुसरं काय करायचं असतं?

हे पुस्तक त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. १५७५ साली एक प्रत स्पेनला गेली. १५८४ साली तो मेला. १६३२ साली माद्रिदला पुस्तक निघालं, तेही एका पाद्र्यानं आपल्या पंथाची भर घालून काढलेलं. ग्वाटेमालात राहिलेल्या हस्तलिखितावरून शुद्ध आवृत्ती निघायला विसावं शतक उजाडावं लागलं. आणि अगदी परवा, २०१३ च्या सुमारास, ख्रिस्तियाँ द्युव्हर्जे या फ्रेंच विद्वानानं दावा केला, की हे पुस्तक बर्नालचं नाहीच, खुद्द कोर्तेसनं लिहिलंय. एवढं वाचन, एवढी स्मृती या शिपुरड्याला कुठनं? बहुतेक अभ्यासकांनी तो दावा नाकारला. पण तर्काची जात बघा. अडाण्याच्या नावावर चांगलं पुस्तक सापडलं, की शोधा त्याचा खरा लेखक वाड्यात!

लोखंडी शिक्का

आता दुसरी बाजू.

१५२० साली तेपेआका या ठिकाणी फौजेनं आसपासची गावं मारली. पकडलेल्या बायका-पोरांना गुलाम ठरवलं. गुलामाला ओळखायची खूण म्हणून लोखंड तापवून तोंडावर शिक्का मारायचा. अक्षर होतं 'ग'. स्पॅनिशमध्ये युद्धाला 'गेरा' म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षर. युद्धात मिळालेला माल, म्हणून.

बर्नाल हा प्रसंग सविस्तर सांगतो. आणि त्याचा आवाज चढतो. मी वाचताना सरसावून बसलो. वाटलं, आता हा बोलणार. तो बोलतो ते असं: सगळ्या बायका एका घरात जमा करायला सांगितल्या. रात्रीतनं चांगल्या देखण्या होत्या त्या गायब झाल्या, कोर्तेस आणि कप्तानांनी लांबवल्या. राजाचा हिस्सा काढला, कोर्तेसचा काढला, आणि आम्हा गरीब शिपायांच्या वाट्याला म्हाताऱ्या-कोताऱ्या आल्या. यावरून शिपायांत मोठी कुरबुर झाली.

एवढंच. तापलेलं लोखंड त्याच्या डोळ्यापुढं होतं. कातडीचा वास त्याच्या नाकात गेला असेल. आणि त्याची तक्रार काय, तर वाटणी बरोबर झाली नाही.

पुस्तक मिटवून मी बराच वेळ बसून राहिलो. भिंतीवर कोळशानं सत्य लिहिणारे हात ते हेच. लुटीत आपला वाटा बुडाला म्हणून ते चिडले. लूट झाली म्हणून नाही.

एकदा हे दिसलं की पानोपान दिसायला लागतं. मोक्तेसुमा कैदेत असताना बर्नालनं एका पोऱ्याकरवी त्याच्याकडं देखणी बाई मागितली. मिळाली. तिचं नाव फ्रान्सिस्का ठेवलं. घोड्यांच्या खोडी ज्याला पन्नास वर्षांनी आठवतात, त्यानं या बाईच्या तोंडचा एक शब्द लिहिलेला नाही. देवीची साथ कुणी आणली? तर नार्व्हाएसच्या फौजेबरोबर आलेल्या एका काळ्या गुलामानं. फौज स्पेनची, गलबतं स्पेनची, त्या बिचाऱ्याला बांधून आणणारेही स्पेनचे. रोग तेवढा काळ्याचा!

सगळ्यात मोठी गोष्ट १५५० सालची. स्पेनमध्ये व्हायादोलिदला राजानं सभा बोलावली होती. एन्कोमिएन्दाची गावं शिपायांना कायमची, पिढीजात द्यायची का, हा विषय. १५४२ च्या कायद्यांनी इंडियनांना गुलाम करायला बंदी घातली होती आणि ही गावं पुढच्या पिढीकडं जाऊ नयेत अशी तजवीज केली होती. त्यामागं बार्तोलोमे दे लास कासास हा पाद्री होता. त्यानं स्वतः आधी अशी गावं खाल्ली, मग ती सोडली आणि उरलेली हयात त्या लोकांच्या बाजूनं भांडण्यात घातली. तो त्या सभेला होता. आणि समोर, जुन्यातला जुना शिपाई म्हणून, बर्नाल दिआझ होता. ही गावं आम्हाला आणि आमच्या मुलानातवंडांना कायमची द्या, या बाजूनं. निकाल लांबणीवर पडला आणि तो चडफडत परतला.

न्यायानं सांगायचं तर दुसऱ्याही नोंदी आहेत. शेवटचा मेशिका राजा क्वाउतेमोक याला कोर्तेसनं १५२५ साली होंडुरासच्या वाटेवर फासावर दिलं. तो अन्याय होता असं बर्नाल स्पष्ट लिहितो. पुढं एका गावचा गुलामांचा शिक्का आपल्या ताब्यात होता तेव्हा अतिरेक बघवेना म्हणून आपण तो गुपचूप मोडून टाकला, असंही तो सांगतो. मला ते खरं वाटतं. म्हणजे त्याला दिसत होतं. शिक्का मोडण्याइतपत दिसत होतं. गाव सोडण्याइतपत दिसलं नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली, तिचा धडा इथं सातासमुद्रापलीकडं सापडतो. ही उतरंड नुसत्या वरच्या मडक्याच्या जोरावर उभी राहत नाही. मधल्या प्रत्येक मडक्याला खाली एक मडकं मिळालेलं असतं, म्हणून ती उभी राहते. बर्नाल कोर्तेसवर चिडतो, गोमारावर चिडतो, पंडितांवर चिडतो. वर बघताना त्याची नजर घारीची. खाली बघताना त्याला फक्त वाटा दिसतो.

फितूर कोण?

त्या फौजेत खरं बळ स्पॅनिश शिपायांचं नव्हतंच. त्लास्काला नावाचं राज्य मेशिकांच्या जाचाला कावलेलं होतं. आधी ते स्पॅनिशांशी लढले, मग त्यांच्या बाजूनं हजारोंच्या संख्येनं उतरले. आणि दुभाषी होती मालिन्त्सिन. ती सरदाराची पोर. बापामागं आईनं दुसरं लग्न केलं आणि नव्या मुलाच्या वारशात आड नको म्हणून हिला परक्यांना देऊन टाकलं, ही हकीकत बर्नालनंच लिहून ठेवलीय. हातोहात फिरत ती ताबास्कोला पोचली. १५१९ साली तिथल्यांनी कोर्तेसला वीस बाया भेट दिल्या, त्यात ती आली. तिच्या जिभेवाचून कोर्तेस मुका होता. बर्नाल तिच्याबद्दल आदरानं लिहितो, हे त्याच्या बाजूनं मांडतो.

आज मेक्सिकोत तिचं नाव शिवी झालंय. परक्यांची भलामण करणाऱ्याला तिच्या नावावरनं 'मालिंचिस्ता' म्हणतात. त्लास्कालाच्या लोकांनाही फितूर म्हणून हिणवतात. मला लगेच कोरेगाव आठवलं. १ जानेवारी १८१८ ला कंपनीच्या पलटणीत पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या महारांना आजही कुणी ना कुणी देशद्रोही म्हणतं. गळ्यात मडकं बांधायला लावणाऱ्या राज्याशी इमान कसलं, एवढं साधं ते विचारत नाहीत. जिला सख्ख्या आईनं देऊन टाकलं, तिनं कुणाशी इमान राखायचं होतं? फितुरीचा कायदा नेहमी घरातल्यांनी केलेला असतो. घराबाहेर ठेवलेल्यांना तो लागू करतात तेव्हाच त्यांना घरातलं धरतात.

तिनं स्वतःची कैफियत लिहिलेली नाही. पण हरलेल्यांची कैफियत अगदीच नाही असं नाही. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याबरोबर नाहुआ विद्यार्थ्यांनी बारा पुस्तकांचा ग्रंथ तयार केला, १५७७ च्या सुमारास. त्याचं बारावं पुस्तक याच लढाईचं, नाहुआतल भाषेत, त्लातेलोल्कोच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींवरनं. मिगेल लेओन-पोर्तियानं १९५९ साली अशा मजकुरांचा संग्रह काढला आणि त्याला पराभूतांची दृष्टी म्हटलं. बर्नाल वाचलात तर हेही वाचा. एकटा बर्नाल वाचला तर आपण त्याच्या बाजूनं रडू लागतो. इतका तो चांगला लेखक आहे. तोच धोका आहे.

आपलं काय?

कुणी म्हणेल, वाटा मागणं म्हणजे पाप का? आपणही वाटाच मागतो. बरोबर. गोपाळबाबा वलंगकर शिपाईच होते. पलटणीतनं निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी धरली आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' काढलं. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. तोही शिपायाचा अर्जच. पण वलंगकर हक्कातला वाटा मागत होते आणि त्याच दमात विटाळाची मुळंच उपटत होते. बर्नाल लुटीतला वाटा मागत होता आणि लुटीचं मूळ पिढीजात करून मागत होता. एका कागदावर दोन्ही अर्ज सारखेच दिसतात. अर्जदाराच्या खाली कोण उभं आहे आणि अर्ज मंजूर झाला तर त्याचं काय होणार, हे विचारलं की फरक कळतो.

आता हाच प्रश्न मी माझ्यावर लावला. ओव्हरटाइम कापला त्यावर माझी एक कविता आहे. मेळाव्यात ती चालते. त्यात घड्याळ आहे, जॉबर आहे, मॅनेजरची काच आहे, माझा घाम आहे. हा लेख लिहिताना ती परत वाचली. आमच्या खात्यात कापसाची धूळ झाडायला एक मातंग बाई येते, ठेकेदाराची. ओव्हरटाइम सोडा, तिला हजेरी पुस्तकच नाही. दुपारी आम्ही चौघं-पाच जण गोलात डबा खातो, जयभीम घालतो, क्रांतीच्या गप्पा मारतो. ती दाराशी बसून खाते. तिला आम्ही कधी बोलावलं नाही आणि ती कवितेतही नाही. कविता खरी आहे, एक शब्द खोटा नाही. बर्नालचंही पुस्तक खरंच आहे.

तेव्हा ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं, हे वाक्य मी सोडत नाही. गोमारांची पिढी अजून संपलेली नाही, त्यांच्यावर हाच धोंडा फेकावा लागणार. पण हे वाक्य दार उघडण्यापुरतं आहे. आत गेल्यावर पुरत नाही. भोगलेल्याला बोलण्याचा हक्क मिळतो, न्यायबुद्धी आपोआप मिळत नाही. ती वेगळी कमवावी लागते. आपली पुस्तकं तपासताना वर कुणाला किती शिव्या दिल्या हे मोजणं आता पुरे. लिहिणाऱ्याच्या खाली जे आहेत ते त्या पानावर आहेत का, त्यांना नाव आहे का, ते बोलतात का, हे बघा. घरातली बाई, शेजारच्या वस्तीतला माणूस, आपल्याहून खालचं ज्याला आपणही मानतो तो. माझ्यापासून सुरुवात करा. माझी कविता पुढच्या बैठकीत मांडतो, फाडा.

बर्नाल दिआझ मात्र जरूर वाचा. तो आपला शत्रू म्हणून नाही, आणि आपला पूर्वज म्हणूनही नाही. एक चांगला, खरा बोलणारा, अन्याय सोसलेला माणूस किती दूरपर्यंत आंधळा राहू शकतो हे कळावं म्हणून. कोयोआकानची भिंत आपलीही आहे. कोळसा हातात घेतला की पाठीमागं एकदा वळून बघायचं, तापलेलं लोखंड आपल्याच तळावर तर पडलेलं नाही ना.

जयभीम.